मनूचा श्लोक आणि घरातला मोबाईल

मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायातील ४१६ वा श्लोक सांगतो की पत्नी, पुत्र आणि दास यांना स्वतःचे धन नसते. ते जे कमावतील ते त्यांच्या धन्याचे. २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला हा ग्रंथ जाळला गेला. पण घराघरांतला हिशेब आजही याच श्लोकावर चालतो, असे आमचे म्हणणे आहे.

इतिहास तपासू. १८७४ साली इंग्रज सरकारने विवाहित स्त्रियांच्या मालमत्तेचा कायदा केला. पत्नीची मजुरी व धंद्यातली कमाई ही तिचीच, हे त्यात मान्य झाले. मात्र हिंदू, मुस्लिम, बौद्ध, शीख आणि जैन विवाहितांना त्यातून वगळले. हिंदू कायद्यात बायकोने हाताच्या कसबावर मिळवलेल्या पैशावर नवऱ्याचाच ताबा राहिला. घरात बसून विड्या वळणारी, शिवणकाम करणारी बाई कष्टकरी होती, मालक नव्हती.

२० जुलै १९४२ रोजी नागपूरच्या दलित महिला परिषदेत बाबासाहेबांनी पत्नीने नवऱ्याची दासी न होता मैत्रीण व्हावे, असे सांगितले. पुढे हिंदू कोड बिलात त्यांनी स्त्रीच्या मालमत्तेवर तिची पूर्ण मालकी मांडली. बिल रखडवले गेले, तेव्हा १९५१ च्या सप्टेंबरात त्यांनी मंत्रिपद सोडले. अखेर १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याच्या कलम १४ ने स्वतःच्या कौशल्याने वा श्रमाने मिळवलेल्या मालमत्तेची स्त्रीला पूर्ण मालक केले. हा कायदा बौद्धांनाही लागू आहे.

आता आजचे पाहा. पापड, मसाले, जेवणाचे डबे, साडीला फॉल-पिको, ब्लाऊज यांच्या ऑर्डरी व्हॉट्सअ‍ॅपवर येतात, पैसे यूपीआयने येतात. पण नंबर कोणाचा? खाते कोणाचे? २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार १५ ते ४९ वयोगटात कधीतरी इंटरनेट वापरलेले पुरुष ५७.१ टक्के होते, स्त्रिया फक्त ३३.३ टक्के. मोबाईल नवऱ्याबरोबर कामावर गेला की बाईचे दुकान दिवसभर बंद. पैसे त्याच्या खात्यात पडले की उलाढालीची नोंदही त्याचीच. उद्या कर्ज मागायला बँकेत गेली, तर दाखवायला तिच्याकडे काय आहे? नवरा वारला किंवा त्याने सोडून दिले, तर जोडलेली गिऱ्हाइकेही त्याच नंबरात अडकतात.

कोणी म्हणेल, नवरा-बायकोत तुझे-माझे कशाला? आम्ही विचारतो, पैसा दोघांचा असेल तर खाते एकट्याचे का?

१० जानेवारी २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने काश्मीरच्या प्रकरणात इंटरनेटवरून व्यापार करण्याच्या स्वातंत्र्याला संविधानाच्या कलम १९ चे संरक्षण आहे, असे म्हटले. सरकारने नेट बंद केले तर आपण मोर्चा काढतो आणि काढलाच पाहिजे. पण घरात पासवर्ड लपवणाऱ्याला जाब कोण विचारणार? तो नवरा अनेकदा आपलाच कार्यकर्ता असतो, २५ डिसेंबरला व्यासपीठावरून भाषण ठोकणारा.

म्हणून कार्यकर्त्यांनी सुरुवात आपल्या घरापासून करावी. बाईच्या धंद्याचे सिम तिच्या नावावर, मोबाईल तिच्या हातात, क्यूआर कोड तिच्या खात्याचा आणि पिन फक्त तिला ठाऊक. महाडला श्लोक जाळला. तो घरातून हद्दपार करणे आपल्यावर आहे.

जय भीम!