गोळा कोणाकडे आहे?

आज कर्नलमधल्या लॉकबद्दल लिहायचंय, पण सुरुवात दौंड-मनमाड रेल्वेपासून करतो.

१८७८ साली सुरू झालेला हा मार्ग नगर (आता अहिल्यानगर) जिल्ह्यातून जातो: विसापूर, नगर, वांबोरी, राहुरी, कोपरगाव. कित्येक दशकं तो एकेरीच होता. अशा एकेरी मार्गांवर आपल्याकडे नीलचं टोकन यंत्र असायचं. शेजारच्या दोन स्टेशनांत एकेक यंत्र, विजेने जोडलेलं. दोन्हींतून मिळून एका वेळी एकच धातूचा गोळा बाहेर निघणार. तो ड्रायव्हरच्या हातात पडला तरच गाडी पुढे.

आता गाडी मध्येच बंद पडली तर? पुढचा स्टेशनमास्तर तासभर थांबला म्हणून काही यंत्र त्याला दुसरा गोळा देत नाही. मदतीचं इंजिन पाठवायचं तर लेखी परवाना घेऊन, हळूहळू, पुढे गाडी उभी आहे हे धरूनच.

डाइक्स्ट्रा यांनी १९६० च्या दशकात प्रोग्रामांसाठी 'सेमाफोर' आणला. नाव रेल्वेच्या सिग्नलचंच! पण त्याला मालक नाही. एकाने घेतला, दुसऱ्याने सोडला, तरी चालतं. लिनक्स कर्नलमध्येही बरीच वर्षं लॉक म्हणून हेच वापरलं जाई. २००६ साली, २.६.१६ मध्ये, इंगो मोल्नार यांचा म्युटेक्स आला. नियम सरळ: ज्याने घेतला त्यानेच सोडायचा.

मी एकदा नेमकं उलटं केलं होतं. पाच सेकंदांत लॉक मिळाला नाही की तो सरळ 'मोकळा' करायचा, असा कोड लिहिला. आधीचा थ्रेड मेला नव्हता, फक्त डिस्कची वाट पाहत होता. दोघांनी एकाच फाइलवर लिहिलं आणि दोन दिवस निस्तरत बसलो. टाइमआउटमुळे कळतं ते एवढंच, की आपला धीर संपला. मालकाचं काय झालं, ते त्यातून कळत नाही.

आणि मालक खरंच मेला तर? त्याची सोयही २००६ मध्येच, २.६.१७ मध्ये झाली: रोबस्ट फ्युटेक्स. लॉकमध्ये मालक थ्रेडचा क्रमांक असतो. तो थ्रेड संपला की कर्नल तशी खूण करतो आणि थांबलेल्या एकाला उठवतो. त्याला लॉक मिळतो, सोबत निरोपही: आधीचा मालक गेला, डेटा तपासून घे.

म्हणजे तेच, मदतीच्या इंजिनासारखं. जायचं, पण पुढे गाडी उभी आहे हे धरून.

असो. बाकी पुढच्या रविवारी.