लकव्याच्या पेशंटची श्वासाची नळी कधी काढतात? घरच्यांनी हे माहीत ठेवावं

लकव्याचा झटका मोठा असला आणि पेशंट बेशुद्ध झाला, की तोंडातून श्वासनलिकेत नळी घालून त्याला व्हेंटिलेटरवर ठेवतात. दोन-चार दिवस गेले की घरच्यांचा एकच प्रश्न असतो, "डॉक्टर, नळी कधी काढणार?"

नुसता श्वास सुरू झाला म्हणून नळी काढून चालत नाही. लकव्यात फुप्फुस चांगलं असलं तरी गिळणं आणि खोकणं कमजोर पडतं. मग थुंकी, कफ श्वासनलिकेत उतरतो, न्यूमोनिया होतो आणि नळी परत घालावी लागते.

काढण्याआधी काय बघतात?

श्वास : मशीनचा आधार कमी करून 30 मिनिटं ते 2 तास पेशंट स्वतः श्वास घेतो का.

खोकला आणि कफ : कफ ओढताना जोराचा खोकला येतो का, कफ किती वेळा ओढावा लागतो.

शुद्ध : डोळे उघडतो का, नजर फिरवतो का. लकव्यात काहींची वाचा जाते, सांगितलेलं कळत नाही. बाकीचं ठीक असेल तर अशांचीही नळी निघू शकते.

सूज : नळीचा फुगा सोडल्यावर बाजूने हवा जाते का. जात नसेल तर घशात सूज असू शकते. तेव्हा काढण्याआधी औषध देतात.

नळी निघाल्यावर

पहिले दोन-तीन दिवस जपायचे. "घसा सुकलाय" म्हणून चमचाभर पाणी, चहा किंवा तीर्थसुद्धा तोंडात घालू नये. गिळण्याची तपासणी होईपर्यंत नाकातल्या नळीनेच अन्न-औषध देतात. पेशंटचं डोकं उंच ठेवावं, तोंड स्वच्छ ठेवावं. घशात घरघर, धाप, गुंगी वाढणं किंवा ओठ निळे दिसले तर लगेच सिस्टरला बोलवावं.

गळ्यातून नळी म्हणजे शेवट नाही

नळी लवकर निघेल असं वाटत नसेल तर गळ्याला छोटं छिद्र पाडून नळी बसवतात. ही घाईनेच करावी असंही नाही. जर्मनी आणि अमेरिकेत मोठ्या लकव्याच्या 382 पेशंटवर झालेला अभ्यास 2022 मध्ये आला. पहिल्या 5 दिवसांतच गळ्यातून नळी बसवल्याने सहा महिन्यांनंतरच्या तब्येतीत ठळक फायदा दिसला नाही. पेशंट सुधारला, गिळायला लागला की ही नळीही बऱ्याच जणांची निघते.

म्हणून डॉक्टरांना "कधी काढणार" एवढंच विचारू नका. "खोकला कसा आहे, गिळता येतंय का," हेही विचारा.