गोळी आणि हरीण



अजिंठ्याच्या डोंगररांगेच्या पायथ्याशी वसलेले रोहिणखेड इतिहासाच्या अभ्यासकाला दोन लढायांमुळे ठाऊक असते. पहिली 1437 सालची. तीत बहमनी सेनापती खलफ हसन याने खानदेशच्या नासीरखानाचा पराभव केला. दुसरी 1591 सालची. तीत निजामशाहीचा सत्ताधीश जमालखान रणांगणावर गोळी लागून पडला. त्याच गोळीचा दुसरा इतिहास आज आम्हांस सांगावयाचा आहे. तो राजांचा नव्हे, या डोंगरांतील सांबर-हरणांचा आहे.

तोड्याच्या बंदुकीच्या काळी शिकाऱ्यापुढे निवडीचा प्रश्नच नव्हता. शिशाची वाटोळी गोळी ओतावी, मूठभर दारू ठासावी, आणि पाणवठ्यावर सावज चाळीसपन्नास पावलांवर येईपर्यंत दम धरून बसावे. बंदुकीचे मापही त्या गोळीवरूनच ठरे: एक पौंड शिशाच्या बारा समान गोळ्या झाल्या, की त्यांतील एक जिच्या नळीत बसे ती बारा बोअरची बंदूक.

नळीत आटे पाडून गोळीला फिरकी देण्याची युक्ती रुळली आणि हा साधेपणा संपला. गोळी दूरवर नेमकी जाऊ लागली. पण दारू वाढविली की मऊ शिसे आट्यांवरून घसरे. निमाडात जमाबंदीचे काम केलेल्या जेम्स फॉर्सिथ याने 1863 साली शिकारी रायफल व तिच्या गोळ्या यांवर स्वतंत्र ग्रंथच लिहिला. आट्यांचा पीळ सावकाश ठेवा म्हणजे भरपूर दारूनेही वाटोळी गोळी घसरणार नाही, हे त्याचे सूत्र. नेम नीट लागूनही जनावर जखमी अवस्थेत निसटते, ही त्या काळच्या शिकाऱ्यांची खरी अडचण होती.

पुढे धूर न करणारी दारू आली. तीनशेतीन रायफलीची 215 ग्रेनची गोळी सेकंदाला सुमारे दोन हजार फूट वेगाने सुटू लागली. एवढ्या वेगाला नुसते शिसे टिकेना, म्हणून त्यावर कठीण धातूचे कवच चढविले. तेव्हा नवलच घडले! गोळी शरीरातून सुईसारखी आरपार जाई. 1895 च्या चित्राळ मोहिमेनंतर सैनिकांनी तक्रार केली की, ही गोळी लागूनही शत्रू थांबत नाही. कलकत्त्याजवळच्या डमडम येथील कारखान्यात मग कवचाचे टोक उघडे ठेवलेली गोळी तयार झाली. ती अंगात शिरताच फुलते व मोठी जखम करते. यावर युरोपात गदारोळ झाला आणि 1899 साली हेग येथील परिषदेत अशा गोळ्या युद्धात न वापरण्याचा जाहीरनामा निघाला.

आमच्या मते या इतिहासाचे मर्म येथेच आहे. माणसावर झाडण्यास जी गोळी क्रूर ठरली, तीच हरणाकरिता दयेची ठरली. याचे कारण उघड आहे. घायाळ सैनिकाला उचलून नेणारे कोणी असते, त्याच्यासाठी वैद्य असतो. घायाळ सांबराला कोणीही नसते. कवचबंद गोळी पोटातून पार गेली, तर ते झुडपांत शिरते आणि दोन दिवसांनी मरते. म्हणून जाणते शिकारी मध्यम नळीच्या रायफलीत मऊ टोकाची गोळी घालीत, खांद्यामागे नेम धरीत, आणि जखमी जनावराचा रक्ताचा माग संपेपर्यंत घरी परतत नसत. अति हलकी व वेगवान गोळी कातडीखालीच फुटे. अति कठीण गोळी न फुलताच निघून जाई. आत पोहोचून मग फुलणारी ती योग्य गोळी. परंतु हा विचार न करता छर्ऱ्यांनी कळपावर बार टाकणारेही होतेच, आणि त्यांची संख्या थोडी नव्हती.

लष्करी मापाची काडतुसे नागरिकांना वर्ज्य असल्यामुळे आपल्याकडे तीनशेपंधरा ही, सुमारे आठ मिलिमीटर नळीची, रायफल रूढ झाली. तिची काडतुसे पुण्याजवळ खडकीच्या कारखान्यात होत. पुढे 1972 साली वन्यजीव संरक्षणाचा कायदा झाला आणि हौसेच्या शिकारीचा अध्याय मिटला. 1997 साली याच जिल्ह्यात ज्ञानगंगा अभयारण्य घोषित झाले. 2019 साली टिपेश्वरहून निघालेला एक तरुण वाघ शेकडो मैल चालून तेथे येऊन पोहोचला. जेथे हरीण उरते तेथेच वाघ येतो.

असे असले तरी प्रश्न संपला असे कोणी समजू नये. रात्रभर शेतात राखण करून पहाटे आडवे झालेले पीक पाहणाऱ्या शेतकऱ्याचे दुःख आम्ही जाणतो. 2015 साली महाराष्ट्र शासनाने पिकांची नासाडी करणारे रोही व रानडुक्कर परवानगीने मारण्याची वाट मोकळी केली. रोही हे खरे पाहता हरीण नव्हे. पण त्यालाही वेदना तशीच होते. परवानगीचा कागद मारण्याचा अधिकार देतो, मारण्याची विद्या देत नाही. हाती पडेल ते काडतूस घालून अंधारात बार काढला, तर पीक वाचेलच असे नाही, मात्र एक मुका जीव कुंपणाआड तडफडत राहील.

जमालखानाला लागलेल्या गोळीने एका राज्याचा निकाल लावला, म्हणून ती इतिहासात नोंदली गेली. रानात झाडलेल्या गोळीची नोंद कोणी करीत नाही. तिचा हिशेब चाप ओढणाऱ्यानेच ठेवावयाचा असतो.