अंतराळातल्या जनावरांना जेवायला कोण घालत होतं?

घोडबंदर रोडच्या सोसायट्यांमध्ये सध्या ऑटोमॅटिक पेट फीडरची चलती आहे. मानपाड्याहून गायमुखपर्यंत ट्रॅफिक कधी सुटेल याचा नेम नाही, मग घरातल्या कुत्र्या-मांजराने उपाशी का बसायचं? टायमर लावला की वाटीत दाणे पडतात. परवा आमच्या ग्रुपवर कुणीतरी लिहिलं, "आता दोन दिवस गावाला गेलो तरी टेन्शन नाही." त्यावर चांगलीच जुंपली. भांडणात मी पडलो नाही, पण या यंत्राची सगळ्यात अवघड परीक्षा अंतराळात झाली आहे आणि ती गोष्ट सांगण्यासारखी आहे.

आधी साधी अडचण समजून घ्या. आपल्या घरातला फीडर चालतो तो गुरुत्वाकर्षणावर. झडप उघडली की दाणे खाली पडतात. यानात 'खाली' असं काही नसतंच! दाणा तरंगतो, चुरा हवेत पसरतो, पाणी वाटीत राहत नाही, विष्ठाही पिंजऱ्याबाहेर निघते. म्हणून जेली, पेस्ट किंवा घट्ट दाबलेल्या वड्या असे प्रकार शोधावे लागले.

३ नोव्हेंबर १९५७ ला स्पुटनिक-२ मधून गेलेली लायका मॉस्कोच्या रस्त्यावरची भटकी कुत्री. तिला जेलीसारखं खाणं खायची सवय आधीच लावली होती, त्यातच तिचं पाणीही. यानात साधारण आठवड्याची शिधा भरली होती. परत आणायची सोय मात्र नव्हती, हे पाठवणाऱ्यांना पहिल्यापासून ठाऊक होतं. यान तापलं आणि काही तासांतच ती गेली. जगाला हे अधिकृतपणे कळलं २००२ साली. तोवर ती बरेच दिवस जगली असंच सगळे समजत होते.

अमेरिकेने खाण्याचा उपयोग शिकवणीसाठी केला. बरोबर लिव्हर दाबला की केळ्याच्या चवीची गोळी, चुकला की पायाला शॉक. २९ नोव्हेंबर १९६१ ला एनॉस हा चिंपांझी पृथ्वीभोवती दोन फेऱ्या मारून आला, पण वाटेत एक लिव्हर बिघडला. बरोबर दाबूनही त्याला शॉक बसत राहिले. तरी त्याने शिकवलेलं काम सोडलं नाही.

आता आपल्याजवळची गोष्ट. २९ एप्रिल १९८५ ला चॅलेंजर शटल 'स्पेसलॅब-३' घेऊन उडालं. त्यात कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेचा 'अनुराधा' प्रयोग होता. वैश्विक किरणांच्या खुणा प्लॅस्टिकच्या थरांवर टिपायचा, सुकुमार बिस्वास यांच्या नेतृत्वाखाली उभा राहिलेला. मुंबईच्या वैज्ञानिकांसाठी मोठा दिवस. त्याच फेरीत २४ उंदीर आणि दोन छोटी स्क्विरल माकडंही होती, नवीन बनवलेल्या पिंजऱ्यांत, आपोआप खाणं देणाऱ्या यंत्रांसह.

पिंजरे उघडून खाण्याची नि घाणीची भांडी बदलायला गेले की चुरा आणि विष्ठेचे कण बाहेर! ते तरंगत तरंगत पार वैमानिकांच्या कक्षापर्यंत पोचले. कमांडर ओव्हरमायर वैतागले, पेपरांना चघळायला विषय मिळाला.

पण त्या फेरीतली खरी गोष्ट मला वेगळीच वाटते. दोन माकडांपैकी एक आजारल्यासारखं झालं आणि पहिले काही दिवस नीट जेवेचना. यंत्र ठणठणीत होतं, गोळ्या हजर होत्या. खायचीच इच्छा नसेल तर यंत्र काय करणार? विल्यम थॉर्नटन हे डॉक्टर यानात होते. त्यांनी त्याला हाताने भरवलं. मग ते खायला लागलं.

पिंजऱ्यांत नंतर सुधारणा झाल्या आणि जून १९९१ च्या फेरीत तेच तंत्र बरंच नीट चाललं. म्हणजे यंत्राला नावं ठेवायचं कारण नाही, चुरा आवरणारा पिंजरा शेवटी इंजिनिअरांनीच बनवला.

उलट उदाहरण रशियाच्या बियॉन-एम १ चं. एप्रिल २०१३ मध्ये महिनाभरासाठी गेलेल्या या यानात माणूस नव्हता. ४५ उंदीर गेले, जिवंत परतले १६. खाणं देणाऱ्या यंत्रणेतला बिघाड हे त्यातलं एक मोठं कारण. सोबतचे आठही जर्बिल, म्हणजे वाळवंटी उंदरांसारखे प्राणी, उपकरण बंद पडल्याने मेले. बिघाड खाली जमिनीवर कळला असता तरी पिंजऱ्यापर्यंत पोचणारा हात तिथे नव्हता.

आपल्या इस्रोने गगनयानच्या चाचणीसाठी प्राणी न पाठवता 'व्योममित्र' हा यंत्रमानव पाठवायचं ठरवलं आहे. काहींना ती हौस वाटते, बाहुली पाठवतात म्हणून चेष्टाही होते. मला तो निर्णय पटतो. तिला भूक लागत नाही, आणि बिघडलीच तर दुरुस्त करता येते.