अस्थिभंग आणि धमनीची इजा : हातपाय वाचविणाऱ्या उपचारांचा इतिहास व अर्धापूर परिसर

प्रस्तावना
अपघातात केवळ हाड मोडले असेल, तर ते कायमचे सांधण्यास काही दिवसांचा विलंब सोसतो. त्याच जागी धमनीही तुटली असेल, तर सुमारे सहा तासांनंतर स्नायू व मज्जातंतू कायमचे निकामी होण्याचा धोका झपाट्याने वाढतो. म्हणून या दुहेरी इजेच्या उपचारांचा इतिहास हा शस्त्रकौशल्याइतकाच वेळेचाही इतिहास आहे. नांदेड-नागपूर महामार्गावरील अर्धापूरच्या संदर्भात त्याचा येथे विचार केला आहे.

प्राचीन परंपरा
सुश्रुतसंहितेत मोडलेले हाड जुळवून वड, पिंपळ, पळस, अर्जुन यांसारख्या वृक्षांच्या सालींनी अथवा बांबूच्या पट्ट्यांनी बांधण्याची पद्धत सांगितली आहे. मांडीतील 'ऊर्वी' या मर्माला इजा झाल्यास रक्तक्षयाने पाय वाळतो, हेही निरीक्षण तेथे आढळते. रक्त आणि अवयवाचे जीवन यांचा संबंध प्राचीनांनी ओळखला होता. तुटलेली वाहिनी पुन्हा जोडण्याचे साधन मात्र त्यांच्यापाशी नव्हते. पुढे १५५२ मध्ये फ्रेंच शल्यविशारद आंब्रवाझ पारे यांनी अवयव कापताना धमनी दोऱ्याने बांधण्याची पद्धत अवलंबिली. तिने प्राण वाचू लागले. पण इजा झालेली मुख्य धमनी बांधून टाकल्यास पुष्कळदा अवयव गमवावा लागे.

विसाव्या शतकातील परिवर्तन
अलेक्सिस कॅरेल यांनी १९०२ मध्ये रक्तवाहिन्या शिवण्याचे तंत्र प्रसिद्ध केले आणि १९१२ मध्ये त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. तरीही दुसऱ्या महायुद्धात धमनी बांधणे हाच प्रमुख उपाय राहिला. डीबेकी व सिमिऑन यांनी १९४६ मध्ये अमेरिकी सैन्यातील २,४७१ धमनी-इजांचा आढावा घेतला. धमनी बांधलेल्यांपैकी सुमारे ४९ टक्के जखमींचा अवयव कापावा लागला होता. कोरियातील युद्धात धमनी शिवण्याचा अवलंब झाला, जखमी अधिक लवकर शस्त्रक्रियागृहात पोहोचू लागले आणि हे प्रमाण सुमारे १३ टक्क्यांवर आले.

तथापि, हाड आधी स्थिर करावे की धमनी आधी जोडावी, हा पेच उरला होता. आधी शिवलेली धमनी हाड ओढताना उसवू शकते. हाडाला प्राधान्य दिल्यास रक्ताविना वेळ जातो. १९७१ मध्ये एगर व सहकाऱ्यांनी तात्पुरत्या नळीतून रक्तप्रवाह चालू ठेवण्याच्या उपायाचे विवेचन केले. नळी बसविणे, हाड स्थिर करणे, मग धमनी जोडणे हा क्रम त्यामुळे शक्य झाला. १९८४ मध्ये गस्टिलो यांनी, धमनी दुरुस्त करणे आवश्यक असलेल्या उघड्या अस्थिभंगाला स्वतंत्र वर्ग दिला.

अर्धापूरचा संदर्भ
मराठवाड्यात १९५६ मध्ये औरंगाबाद (आताचे छत्रपती संभाजीनगर) येथे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. नांदेडला ते १९८८ मध्ये आले. अर्धापूरपासून नांदेड सुमारे २० किलोमीटरवर आहे. २०१४ पासून '१०८' रुग्णवाहिका सेवाही उपलब्ध झाली. अंतर असे कमी झाले; पण धमनी शिवण्याची सोय प्रत्येक रुग्णालयात असतेच असे नाही. एका रुग्णालयातून दुसऱ्याकडे पाठवणी होताना मोलाचे तास जातात. हाडवैद्याने आवळून बांधलेली पट्टी तर धमनी शाबूत असतानाही रक्तप्रवाह रोखू शकते. अशा बंधनाने स्नायू आखडतात, हे फोल्कमान यांनी १८८१ मध्येच दाखविले होते.

निष्कर्ष
धमनी जोडण्याची विद्या सत्तर वर्षांपूर्वीच सिद्ध झाली. तिचा लाभ खेड्यातील जखमीला मिळणे पहिल्या तासातील साध्या कृतींवर अवलंबून आहे : मोडलेल्या भागाच्या पुढील नाडी तपासणे, पट्टी सैल ठेवणे, इजेची वेळ लिहून ठेवणे आणि योग्य सोय असलेल्या रुग्णालयाकडेच थेट पाठविणे. शेतमजुराच्या बाबतीत पाय जाणे म्हणजे घराची मिळकत जाणे होय. म्हणून ही जाण वैद्यकीय महाविद्यालयापुरती मर्यादित न राहता प्राथमिक आरोग्य केंद्रापर्यंत पोहोचणे आवश्यक आहे.