बुलेट खाली बसवताना

जुनी बुलेट खाली बसवण्याआधी ती उंच का झाली, ते समजून घ्यावं. सुरुवातीच्या मोटारसायकलींना मागे शॉकअप नव्हतेच. चाक थेट चासीत आवळलेलं, हादरे झेलायला फक्त सीटखालच्या स्प्रिंगा, आणि सीट आपोआप बुटकी. पुढचं चाक आधी सुधारलं: 1935 साली बीएमडब्ल्यूनं आर-12 ला तेलाचा नळकांडी फोर्क बसवला. मागचा चिमटा आणि दोन शॉकअप घेऊन बुलेट 1948 साली इटलीत सान रेमोच्या सहा दिवसांच्या स्पर्धेत धावली, आणि पुढच्या वर्षी विक्रीला आली. चाकाला वरखाली व्हायला जागा लागते. सीटची उंची तिथून वाढली.

पुढे बुलेट मद्रासेत बनू लागली, 1961 पासून म्हैसूरला जावा. दोन्ही गाड्या बेळगाव-निपाणीच्या रस्त्यांना मुरल्या.

बुटक्या गाडीची हौस मात्र सरली नाही. हार्लेनं 1984 मध्ये सॉफ्टेलचे शॉकअप चासीखाली दडवले, म्हणजे रूप जुनं आणि पाठीला आराम. आपल्याकडे ज्याचे पाय टेकत नाहीत, त्यानं वडिलांची गाडी विकण्यापेक्षा ती खाली घ्यावी, असं माझं ठाम मत आहे. नुसत्या ऐटीसाठी नको. निपाणीजवळच्या तवंदी घाटाच्या वळणावर सायलेन्सर घासतो.

स्प्रिंगची वेटोळी कापणं हा सर्वांत वाईट उपाय. उरलेली स्प्रिंग जास्त कडक होते, पण शॉकअपची लांबी तीच राहते, त्यामुळे चाक खड्ड्यात उतरलं की स्प्रिंग सैल पडते. आखूड शॉकअपच घ्यावेत. नुसतं मागचं उतरवलं तर फोर्क मागे कलतो आणि हँडल सुस्तावतं, म्हणून पुढचंही उतरवायला हवं. इतर गाड्यांत फोर्कच्या नळ्या हँडलखालच्या ‘टी’मधून वर सरकवता येतात. टायगर लॅम्पवाल्या बुलेटला ते चालत नाही, कारण तिच्या नळ्या हेडलाइटच्या ओतीव टोपीत आट्यांनी बसलेल्या असतात. तिथे फोर्कच्या आतच चाकाची खालची धाव रोखणारी नळी घालावी लागते. बेळगावच्या उद्यमबागेसारख्या ओतकाम आणि लेथच्या वस्तीत असा तुकडा कातून घेणं अवघड नाही. फोर्कच्या दोन्ही पायांत तो नेमका सारखा हवा, एवढं मात्र पाहावं.

शेवटी साइड स्टँडही आखूड करून घ्यावा. नाहीतर गाडी जवळजवळ सरळ उभी राहते आणि जरा धक्का लागला की पलीकडे पडते.