पिनबॉलचें राखीव यंत्र

ज्या घरांत एके काळीं मुलांसाठीं बॅगाटेलचा पाट असे, त्या घरांतील मंडळींना पिनबॉलचें मूळ समजावून सांगण्याची गरज नाहीं. उतरती फळी, तिच्यावर ठोकलेले खिळे, खिळ्यांच्या कुंपणांत खळगे आणि वरून घरंगळत येणारी गोळी, एवढाच त्याचा संसार! माँटेग्यू रेडग्रेव्ह या इंग्लंडांतून आलेल्या कारागिरानें अमेरिकेंतील सिनसिनाटी शहरीं त्याला स्प्रिंगेचा दट्ट्या जोडला व १८७१ सालीं त्याचें पेटंट घेतलें.

या घरगुती खेळाचा मोठा धंदा झाला तो मात्र मंदीच्या दिवसांत. १९३१ सालीं शिकागोच्या डेव्हिड गॉटलीबनें ‘बॅफल बॉल’ नांवाचें यंत्र साडेसतरा डॉलर किंमतीला विकावयास काढलें व त्याचे ५०,००० हून अधिक नग खपले. दुकानाच्या मेजावर मावेल व एका माणसाला उचलून नेतां येईल, असा तो आटोपशीर नमुना होता. त्याची ने-आण हा प्रश्नच नव्हता.

परंतु हा हलकेपणाच त्याला भोंवला. उचलावयास सोपें तें हलवावयासहि सोपें! गोळी भलत्या वाटेला लागली कीं खेळणारे यंत्राला खुशाल हिसका देत. हॅरी विल्यम्स या कल्पक माणसानें आरंभीं यंत्राच्या तळांतून टोकदार खिळे ठोकले, असें सांगतात. हा उपाय क्रूरच म्हणावयाचा. पुढें त्यानेंच एका लहान खांबावर धातूची गोळी ठेवून दिली. धक्का बसला कीं ती खालीं पडे व डाव संपे. त्यानंतर आलेल्या युक्तींत एका कड्याच्या मधोमध लोलक टांगलेला असे. यंत्र कललें कीं लोलक कड्याला टेके, विजेचा संबंध जुळे आणि खेळ बंद पडे. ‘टिल्ट’ म्हणतात तें हेंच.

वीज आली, पाय आले, उभी पाठपेटी आली. दिवे, घंटा, विद्युच्चुंबक आणि हातभर जाडीचे वाटावेत असे तारांचे जुडगे आले. पुढच्या काळांतील यंत्राचें वजन अडीचशे पौंडांच्या आसपास गेलें. आतां तें हलविणें हें एक शास्त्रच झालें. प्रथम पोलादी गोळ्या बाहेर काढावयाच्या, कारण वाटेंत मोकळी राहिलेली एक गोळी आंतील नाजुक भाग व वरची कांच यांचा चुराडा करूं शकते. मग पाठपेटी सोडवावयाची किंवा आडवी निजवावयाची, पायांचे बोल्ट काढावयाचे आणि उरलेलें धूड घोंगडींत गुंडाळून हातगाडीवर चढवावयाचें. नव्या जागीं पाय लावल्यावरहि काम संपत नाहीं. पायांखालचे स्क्रू फिरवून फळीचा उतार नेमका साधावा लागतो. तो कमी झाला तर गोळी आळसावते, आणि फळी एका बाजूला कलली तर खेळणाराची फसवणूक होते.

यंत्राचा मालक सहसा दुकानदार नसे. तो वेगळाच असून उत्पन्नाची वांटणी होई. यंत्र बंद पडलें कीं दोघांचेंहि नुकसान, म्हणून कारागिराच्या पिशवीला विश्रांति नसे. ठिणगीनें काळवंडलेले संपर्क बारीक कानशीनें घासणें, पातळ पट्टया वांकवून त्यांच्यांतील अंतर जुळविणें, वाळलेलीं रबरी कडीं बदलणें, अडकलेलें नाणें सोडविणें हीं त्याचीं नित्याचीं कामें. धूळ तर हाडवैरीच. ती गोळीखालीं सांपडून फळीवरचीं चित्रें खरवडून काढी.

इकडे राज्यकर्त्यांचा रोष वाढत होता. १९४२ सालीं न्यू यॉर्कचे महापौर ला गार्डिया यांनीं पिनबॉल हा जुगार ठरवून त्यावर बंदी घातली. पोलिसांनीं यंत्रें जप्त करून घणांनीं फोडलीं. आश्चर्य असें कीं, यंत्रांचें माहेर जें शिकागो, तेथेंहि पुढें तीं खेळण्यास बंदी होती! ला गार्डिया अगदींच चुकीचे होते असेंहि म्हणवत नाहीं. त्या काळच्या यंत्रांत दट्ट्या ओढल्यावर खेळणाराच्या हातीं फारसें कांहीं उरत नसे. गोळी परत वर फेंकणारे ‘फ्लिपर’ गॉटलीबच्याच ‘हम्प्टी डम्प्टी’ या यंत्रांत १९४७ सालीं आले. खेळ बदलला, कायदा मात्र जागचा हलला नाहीं.

तो हलला १९७६ सालीं. त्या वर्षीं नगरसभेच्या समितीपुढें पिनबॉल हा कौशल्याचा खेळ आहे हें सिद्ध करण्यासाठीं रॉजर शार्प या तरुण लेखकाला पाचारण झालें. सभागृहांत यंत्रें आणलीं होतीं दोन. एकावर खेळावयाचें, आणि तें ऐन वेळीं बिघडलें तर दुसरें हाताशीं असावें, ही ज्यांना या यंत्रांचा स्वभाव ठाऊक होता त्यांची दूरदृष्टि. पण एका सभासदाला पहिल्या यंत्रांत कांहीं लबाडी असावी असा संशय आला, व त्यानें राखीव यंत्रावरच खेळण्याचा आग्रह धरला. शार्पची तयारी होती ती पहिल्या यंत्रावर! तरीहि त्यानें फ्लिपरची करामत दाखविली, आणि शेवटीं दट्ट्या हातीं धरून, ही गोळी मधल्या वाटेनेंच खालीं उतरेल, असें आधीं सांगून ती सोडली.

गोळी मधल्या वाटेनेंच आली. समितीनें बंदी उठविण्याच्या बाजूनें मत दिलें. त्या एका फेंकींत दैवाचाहि हात होता, हें शार्पनें पुढें स्वतःच कबूल केलें.